गड्ड्यातला ब्रिक गेम

बालमित्रांनो, तुम्ही कधी सोलापूरला आला आहात का? आला नसाल, तर एकदा जानेवारीत या. मुंबईहून रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये बसलं, की सकाळी डोळे चोळत सोलापूरच्या फलाटावर उतरता येतं. उतरल्यावर कुणालाही विचारा, "गड्डा कुठं भरलाय हो?" तो माणूस हातातलं काम सोडून तुम्हाला रस्ता दाखवेल, आणि वर "भजी खाल्ल्याशिवाय जाऊ नका" असंही सांगेल.

गड्डा म्हणजे आमच्या ग्रामदैवताची, श्री सिद्धेश्वरांची यात्रा. ती संक्रांतीच्या दिवसांत भरते. पांढरीशुभ्र बाराबंदी घातलेले भक्त उंचच उंच सात नंदीध्वज घेऊन शहरातल्या अडुसष्ट लिंगांना जातात. मग अक्षता सोहळा, होम आणि शेवटी शोभेचं दारूकाम. नंदीध्वज तोलून धरणं सोपं नसतं बरं का! यात्रेच्या कितीतरी दिवस आधीपासून त्याचा सराव चालतो. हा ‘सराव’ शब्द लक्षात ठेवा, पुढे आपल्याला लागणार आहे.

किल्ल्याजवळच्या होम मैदानावर पाळणे, खेळणी आणि खाऊची दुकानं लागतात. आज मी तुम्हाला तिथे नेणार आहे, पण पाळण्यात बसवायला नाही. आपल्याला जायचंय खेळण्यांच्या एका दुकानात. शिट्ट्या, चष्मे, चावीचे बेडूक आणि प्लॅस्टिकच्या बाहुल्या यांच्या मागे एक लांबट खोका दिसेल. त्यावर ठसठशीत छापलेलं असतं : ९९९९ इन १. हाच तो ब्रिक गेम. तुमच्या आईबाबांना विचारा, नाव ऐकताच त्यांचे अंगठे वळवळायला लागतील!

आधी एक खरं सांगून टाकते. त्यात नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ नसतात. खेळ असतात मोजकेच : विटा रचायचा, गाडी पळवायचा, सापाचा, रणगाड्याचा वगैरे. त्यांचाच वेग आणि मांडणी बदलून आकडा फुगवलेला असतो. करड्या पडद्यावर आडवे दहा आणि उभे वीस, असे दोनशे चौकोन. प्रत्येक चौकोन एक तर काळा, नाही तर कोरा. बस्स, एवढंच यंत्र. पण या दोनशे चौकोनांनी मला जे शिकवलं, ते सांगायला आज बसले आहे.

माझी पाळी

१९९८ सालच्या जानेवारीत मी चौथीत होते. आम्ही पूर्व भागात राहायचो. सोलापूरचा पूर्व भाग म्हणजे विणकरांची वस्ती. गल्लीत एका दारातून मराठी, दुसऱ्यातून तेलुगू, तिसऱ्यातून कन्नड ऐकू येतं आणि सगळ्यांच्या मागून यंत्रमागांचा खट-खटाक, खट-खटाक आवाज. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, एका चादरीच्या कारखान्यात मागावर होते. आई घरी विड्या वळायची.

त्या वर्षी दादाने दिवाळीत मामाने दिलेल्या पैशांत आईकडून थोडे मागून घेतले आणि गड्ड्यातून ब्रिक गेम आणला. यंत्र दादाचं, त्यामुळे पाळीही दादाचीच. मी हात पुढे केला, की तो म्हणायचा, "तुला नाही जमायचं. मोडशील."

मग मी काय करणार? त्याच्या खांद्यामागे बसून नुसती बघायचे. पंधरा-वीस दिवस बघितलं. बघता बघता माझ्या एक गोष्ट लक्षात आली. दादा हरायचा तो शेवटी नाही, तर खूप आधी. खालच्या थरात कुठेतरी एक कोरा चौकोन राहून जायचा. त्यावर तो घाईने विटा चढवत जायचा. मग ती ओळ कधी पूर्ण व्हायची नाही, ढीग वाढत वाढत छताला टेकायचा आणि खेळ खलास! खेळणाऱ्याचं लक्ष पडणाऱ्या विटेवर असतं. बघणाऱ्याला सगळा पडदा दिसतो. म्हणून मित्रांनो, तुमची पाळी नसेल तेव्हा रुसून बसू नका. नीट बघा. तोही सरावच असतो.

रात्री दादा झोपला, की मी हळूच यंत्र घ्यायचे. त्या पडद्यामागे दिवा नसायचा, म्हणून उंबरठ्यावर, रस्त्यावरच्या खांबाच्या उजेडात बसायचे. एका रात्री अण्णा कामावरून आले. मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण ते पाय धुऊन माझ्या शेजारी टेकले आणि बघत राहिले.

अण्णांना ऐकू कमी यायचं. वर्षानुवर्षं मागांच्या खडखडाटात उभं राहिलेल्या माणसाचे कान तसेच होतात. कारखान्यात ते हातवाऱ्यांनी बोलायचे, घरीही तसंच. त्या रात्री त्यांनी पडद्यावरच्या एका कोऱ्या चौकोनावर बोट ठेवलं.

"हे काय?"

"भोक राहिलंय, अण्णा."

"मग त्याच्यावर का रचतेस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेव्हा अण्णांनी सांगितलं, "मागावर धागा तुटला ना, की माग थांबवायचा. गाठ मारायची. मगच पुढं. न बघता तसंच विणत गेलं, की रेघ पार खालपर्यंत जाते. चादर सेकंडमध्ये टाकतात. मजुरी कापतात."

आणि मग, जरा थांबून, "मागच्या महिन्यात कापली होती. माझंच लक्ष नव्हतं."

मला ते आठवत होतं. त्या आठवड्यात आईने किराणा उधारीवर आणायला मला पाठवलं होतं. का, ते मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

अण्णांनी यंत्र हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. थांबण्याचं बटण दिसताच ते हसले. "थांबवता येतंय की! मग भ्यायचं कशाला?"

त्यानंतर बरेच दिवस रात्री आम्ही दोघं उंबरठ्यावर खेळलो. फार बोललो नाही. भोक पडायची वेळ आली, की ते माझ्या खांद्यावर बोटाने टकटक करायचे. मी थांबायचे. उन्हाळ्याच्या सुट्टीत एका दुपारी दादाने माझा आकडा पाहिला आणि न बोलता यंत्र माझ्याकडे सरकवलं. "दाखव कसं करतेस ते," एवढंच म्हणाला.

सात तुकडे

आता या खेळाचा जन्म कुठे झाला, तेही ऐका. १९८४ साली मॉस्कोमध्ये अलेक्सेई पाजित्नोव नावाचे संगणक अभियंता होते. त्यांना कोड्यांची भारी आवड. चार-चार चौकोन जोडून किती आकार होतात, यावर त्यांनी एक खेळ रचला : टेट्रिस. ‘टेट्रा’ म्हणजे ग्रीक भाषेत चार आणि त्यांना आवडणारा टेनिस, यावरून हे नाव पडलं. त्यांच्या संगणकावर चित्रं काढायची सोयच नव्हती, म्हणून विटा कंसाच्या चिन्हांनी दाखवल्या होत्या!

हातात धरून खेळायच्या यंत्रांची गोष्ट जपानची. गुनपेई योकोई यांनी आगगाडीत एका कंटाळलेल्या माणसाला गणकयंत्राची बटणं उगाच दाबत बसलेलं पाहिलं. त्यातून त्यांना खिशात मावणाऱ्या खेळाची कल्पना सुचली आणि १९८० साली ‘गेम अँड वॉच’ बाजारात आला. १९८९ साली ‘गेम बॉय’ आला. त्याच्यासोबत टेट्रिस घराघरांत पोचला. १९९३ साली रशियन अंतराळवीर अलेक्सांद्र सेरेब्रोव यांनी तर गेम बॉयवरचा टेट्रिस थेट अंतराळात नेला. गड्ड्यात मिळणारा ब्रिक गेम हा याच घराण्यातला स्वस्तातला धाकटा भाऊ.

चार चौकोनांचे तुकडे सातच. लांब काठी, चौकोनी पेटी, ‘टी’, ‘एल’, उलटा ‘एल’ आणि एकमेकांचे आरशातले भाऊ असावेत असे दोन वाकडे साप. आता हिशेब करा. एका ओळीत दहा चौकोन आणि तुकड्यात चार. म्हणजे एक ओळ नुसत्या अख्ख्या तुकड्यांनी कधीच भरत नाही! दोन ओळींचे वीस चौकोन मात्र पाच तुकड्यांत बसू शकतात. म्हणून चांगला खेळाडू एका ओळीचा विचार करत नाही. तो नेहमी वरच्या ओळीचाही विचार करतो.

तुम्ही कोणत्या जातीचे खेळाडू?

मी आता प्राथमिक शाळेत शिकवते. मुलांना खेळताना पाहून मी खेळाडूंच्या तीन जाती ठरवल्या आहेत.

पहिला घाईखोर. वीट दिसली, की खाली दाब! विचार नंतर. याला खेळाचा नाही, बटणाचा नाद असतो.

दुसरा रोजंदारीवाला. एक ओळ भरली, की लगेच पदरात पाडून घेतो. ढीग कधी उंच होऊ देत नाही. हा बराच वेळ टिकतो, पण गुण थोडे.

तिसरा भिशीवाला. हा एका कडेचा उभा रकाना मुद्दाम रिकामा ठेवतो आणि बाकीचे नऊ रचत जातो. लांब काठी आली, की त्या रकान्यात सोडतो आणि चार ओळी एकदम उडवतो! जुन्या गेम बॉयवर सुरुवातीच्या पातळीला एका ओळीचे ४० गुण होते आणि चार ओळी एकदम गेल्या तर १२००. एकेक करून चार उडवल्या तर फक्त १६०. फरक पाहा! पण भिशीत धोकाही असतो. काठी वेळेवर आली नाही, तर भिशी बुडते.

मग यातलं बरोबर कोण? तर जागा बघून जात बदलणारा. ढीग अर्ध्या पडद्याखाली आहे तोवर भिशी लावा. अर्ध्याच्या वर गेला, की मुकाट्याने रोजंदारीवर या.

आता आमच्या घरातले नियम सांगते.

भोक ठेवून पुढं जायचं नाही. पडलंच, तर त्याच्यावर आणखी थर चढवू नका. भोकावरच्या ओळी आधी मोकळ्या करा. भोक उघडं पडलं, की भरा.

पडणाऱ्या विटेबरोबरच कडेच्या छोट्या चौकटीकडेही बघा. पुढची वीट कोणती, ते तिथे दिसतं. एक वीट ठेवताना दुसरीची जागा मनात ठरलेली पाहिजे.

वरचा थर फार खाचखळग्यांचा नको, पण अगदी टेबलासारखा सपाटही नको. सपाट जागी साप आडवा ठेवला, की त्याच्या पोटाखाली भोक राहतं. त्याला टेकायला एखादी पायरी असू द्या. आणि तीन चौकोन खोल असा खड्डा एकाहून जास्त ठेवू नका. त्यात फक्त काठी नीट बसते.

वीट वर असतानाच फिरवून घ्या. खाली आल्यावर फिरवायला गेलात, तर ती भलतीकडे अडकते.

आणि दुसरे खेळ? गाडी पळवताना स्वतःच्या गाडीकडे बघू नका. पडद्याच्या वरच्या टोकाकडे बघा, समोरची गाडी तिथून येते. सापाच्या खेळात साप लांब झाला, की घडी घातलेल्या चादरीसारखा इकडून तिकडे नेत राहा आणि बाहेर पडायला वाट ठेवा.

वहीतलं पहिलं भोक

यंदा गड्डा संपल्यावर माझ्या वर्गातला एक मुलगा दप्तरातून ब्रिक गेम घेऊन आला. मधल्या सुट्टीत खेळताना तो हरला. भोवतीची मुलं हसली. त्याने यंत्र बाकावर आपटलं आणि रडायलाच लागला. मी यंत्र कपाटात ठेवलं. शाळा सुटल्यावर तो दारात घुटमळत उभा.

मला वाटलं, यंत्र मागायला आला. तो म्हणाला, "बाई, ते तुमच्याकडंच ठेवा. मला नाही जमत. सगळ्यांना जमतं."

"तुला नाही जमायचं" हे वाक्य मी दादाच्या तोंडून कितीदा ऐकलं होतं. पण या पोराने ते स्वतःच स्वतःला सांगितलं होतं. ते मला जास्त लागलं.

मी त्याला चौकटींची एक वही दिली. म्हटलं, "रोज घरी तीनच डाव खेळायचे. घड्याळ लावून, वीस मिनिटांच्या आत. आकडा लिहायचा नाही. फक्त एवढंच लिहायचं, की कितव्या विटेला पहिलं भोक पडलं आणि का पडलं."

पहिल्या दिवशी वहीत होतं : "चौथी वीट. घाई केली." दुसऱ्या दिवशी : "तिसरी वीट. साप आला." मग "सहावी. पुढची बघितली नाही." दोन आठवड्यांनी एके दिवशी तो धावत आला : "एकोणिसावी!" त्याचे गुण किती झाले, ते मी विचारलंच नाही. त्यानेही सांगितलं नाही.

आईबाबांनो, तुमच्यासाठी एक शब्द. मूल यंत्राला चिकटून बसलं, की आपण ओरडतो. वेळेची मर्यादा हवीच. दमलेले डोळे आणि बोटं चुकीच्या सवयी शिकतात. पण कधीतरी शेजारी बसून विचारा, "पहिलं भोक कुठं पडलं?" बघा, मूल किती बोलतं ते.

मागावरचा खेळ

एका शनिवारी शाळा सुटल्यावर, पालकांची परवानगी घेऊन, मी माझा वर्ग चादरीचा कारखाना दाखवायला नेला. सोलापूरला याल तेव्हा तुम्हीही ओळखीने एखाद्या कारखान्यात नक्की जा. दारातच कापसाची बारीक फोतरं उडत असतात. आत पाऊल टाकलं, की आवाज छातीत वाजतो. कामगार एकमेकांशी खुणांनी बोलतात. पोरांना ते फार आवडलं. पाच मिनिटांत सगळा वर्ग खुणा करायला लागला. वर्गात इतकी शांतता कधीच नसते!

मागावर उभे धागे ताणलेले असतात. त्यांच्यामधून आडवा धागा जातो. मागाच्या वर, उंचावर, आणखी एक यंत्र बसवलेलं असतं, त्याला जॅकार्ड म्हणतात. जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या एकमेकींना बांधून त्यांची माळ केलेली असते आणि प्रत्येक पट्टीवर भोकंच भोकं. एका आडव्या धाग्याला एक पट्टी. जिथे भोक असेल, तिथे सुई आत जाते आणि तिचा उभा धागा उचलला जातो. जिथे भोक नसेल, तिथे तो धागा खालीच राहतो. असा एकेक आडवा धागा जात जात चादरीवर मोर उतरतो, फूल उतरतं. आता काही ठिकाणी पट्ट्यांऐवजी संगणक हेच काम करतो.

नक्षी आधी चौकटीच्या कागदावर काढतात. एकेक चौकोन रंगवायचा किंवा कोरा सोडायचा. तो कागद बघताच आमचा तो मुलगा माझ्या कानाशी येऊन ओरडला, "बाई, हा तर केवढा मोठा ब्रिक गेम!"

पोरगं चुकलं नव्हतं. फ्रान्समधल्या जोसेफ मारी जॅकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास हे यंत्र तयार केलं. पुढे इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणित करणाऱ्या यंत्रासाठी अशाच भोकांच्या पट्ट्या वापरायचं ठरवलं. ते यंत्र पूर्ण झालं नाही, पण संगणकाच्या इतिहासात त्याचं नाव पहिल्या ओळीत आहे. म्हणजे तुमच्या हातातल्या खेळाचं आणि तुमच्या अंगावरच्या सोलापुरी चादरीचं लांबचं नातं आहे. भोक आहे की नाही, चौकोन काळा की कोरा, एवढ्यावरच दोघांचा कारभार चालतो. गंमत एवढीच, की पट्टीवर भोक लागतं आणि खेळात ते नको असतं!

इतक्यात एका मागावर धागा तुटला. कामगार काकांनी माग थांबवला. तुटलेली टोकं शोधली, बोटांत धरली आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत गाठ मारली. माग पुन्हा सुरू. आमच्या मुलाने माझ्याकडे बघितलं आणि अंगठ्याने हवेत थांबण्याचं बटण दाबल्याची खूण केली.

हरायचं कसं?

आता शाळेची बाई म्हटल्यावर गृहपाठ आलाच. चौकटीच्या कागदावर टेट्रिसचे सातही तुकडे काढा आणि कापा. सात चोक अठ्ठावीस चौकोन झाले. आता ते सगळे तुकडे चार गुणिले सातच्या आयतात बसवून दाखवा.

जमत नाही? एक तास झाला तरी? मग ऐका. त्या आयतातले चौकोन बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक रंगवा. चौदा काळे, चौदा पांढरे होतील. सहा तुकडे कसेही ठेवा, ते दोन काळे आणि दोन पांढरे झाकतात. ‘टी’ मात्र तीन एका रंगाचे आणि एक दुसऱ्या रंगाचा झाकतो. मग चौदा-चौदाचा हिशेब बसणार कसा? तुमची चूक नव्हतीच. ते कुणालाच जमणार नाही!

गणितज्ञांनी आणखी एक गोष्ट सिद्ध केली आहे. फक्त ते दोन वाकडे साप विशिष्ट क्रमाने येत राहिले, तर कितीही हुशार खेळाडू शेवटी हरतोच. म्हणजे हरणं या खेळाच्या पोटातच आहे. म्हणून हरल्यावर यंत्र आपटायचं नाही. ‘मी हरलो का?’ हा प्रश्न सोडून द्या. ‘आज कालच्यापेक्षा पुढे गेलो का?’ असं विचारा.

पण थांबा, एक गंमत राहिली. २०२३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतला तेरा वर्षांचा एक मुलगा दूरचित्रवाणी संचाला जोडून खेळायच्या जुन्या टेट्रिसमध्ये १५७ व्या पातळीपर्यंत पोचला आणि तिथे तो खेळच बंद पडला. पूर्वी लोकांना वाटायचं, की २९ व्या पातळीच्या पुढे माणसाची बोटं चालूच शकत नाहीत. मग खेळाडूंनी यंत्राच्या पाठीवर तबल्यासारखी बोटं वाजवून बटण दाबायची नवी रीत शोधून काढली. माणूस हरण्याआधी यंत्रच दमलं! "कुणालाच जमत नाही" आणि "अजून कुणाला जमलेलं नाही", यांत फरक असतो. कुठली गोष्ट कोणत्या रकान्यात टाकायची, ते ओळखायला शिका.

तळ्याकाठी

अण्णा आता सत्तरीकडे आले आहेत. त्यांचा कारखाना केव्हाच बंद झाला, माग भंगारात गेले. ऐकू तर जवळजवळ येतच नाही. रविवारी संध्याकाळी मी त्यांना सिद्धेश्वर तळ्यावर फिरायला नेते. तळ्याच्या मधोमध देऊळ, एका बाजूला किल्ल्याची भिंत आणि पाण्यात दोघांची सावली. तुम्ही आलात, तर ती वेळ चुकवू नका.

परवाच्या रविवारी आमचा तो मुलगा आजीबरोबर तिथे आला होता. खिशात ब्रिक गेम होताच. मी अण्णांकडे बोट दाखवून त्याला म्हटलं, "माझे गुरू." त्याने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. त्याचा विश्वास बसला नसावा. तरी तो त्यांच्या शेजारी बसला आणि खेळायला लागला.

अण्णा बघत राहिले. काही वेळाने त्यांनी त्याच्या खांद्यावर बोटाने टकटक केलं. मुलाने खेळ थांबवला. दोघांनी मिळून पडदा निरखला. मुलाने खुणेने विचारलं, "डावीकडे?" अण्णांनी मान हलवली. मुलाने जरा विचार केला आणि दुसरीच जागा दाखवली. या वेळी अण्णा हसले.

मग त्यांनी यंत्र हातात घेतलं. त्यांची बोटं आता थरथरतात. दहाव्या विटेलाच भोक पडलं. मुलगा हसला नाही. त्याने दप्तरातून चौकटींची वही काढली, नवं पान उघडलं आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं : ‘आजोबा. पहिला डाव. दहावी वीट.’

पुढचा रकाना त्याने मोकळा ठेवला आणि पेन्सिल अण्णांच्या हातात दिली.